मामूंनी न केलेली चूक

बीड जिल्ह्यात आजवर जेवढी म्हणून यंत्रं बंद पडली, त्यातली निम्मी तरी केवळ आमच्या मामूंची भेट व्हावी म्हणून बंद पडली असावीत, असं माझं प्रामाणिक मत आहे. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, ढेरपोटे टीव्ही गेले, कॉम्प्युटर आले; मामूंचं दुकान आणि त्यातलं तीन पायांवर उभं असलेलं स्टूल मात्र तेच राहिलं. माझ्याहून पाच वर्षांनी लहान असून ते माझेही मामू, माझ्या मुलाचेही मामू आणि नातवाचेही मामूच. मी निवृत्त शिक्षक, म्हणून त्यांच्या तोंडी कायमचा 'गुरुजी'. या माणसाविषयीची एक गोष्ट मी सात वर्षं पोटात दाबून ठेवली आहे आणि आज ती सांगायला बसलो आहे. पण आधी मामू कळले पाहिजेत, नाहीतर माझा गुन्हा केवढा हे कळायचं नाही.

मामूंच्या दुकानात 'मेला' हा शब्द उच्चारायला बंदी होती. एकदा एक कॉलेजचा पोरगा लॅपटॉप टेबलावर आपटत म्हणाला, "मामू, मेला हा." मामूंनी ताबडतोब लॅपटॉपवर दोन्ही हात ठेवले, जसे काही त्याचे कान झाकले. "ए बे, ऐकतंय ते! रुसलंय म्हन." गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाकून दिलेला एक स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यात असायचा. हार्ड डिस्कच्या छातीला तो लावला की ते डोळे मिटायचे आणि एक बोट वर करायचे. मग दुकानात कुणी खाकरायचंही नाही. एकदा नेमका त्याच वेळी केळीवाल्यानं गाडा दारात लावून आरोळी ठोकली. मामू आतूनच ओरडले, "दम धर बे, नाडी बघतोय!" आणि केळीवाला तर गप्प झालाच, पण त्याच्याशी भाव करणाऱ्या दोन बायाही पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. आत कुणाचं तरी माणूस अत्यवस्थ आहे अशी त्यांची समजूत झाली होती.

न सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरमधून फायली बाहेर काढणं ही तर मामूंची खासियत. त्यांचे त्यात तीन कायदे होते. पहिला असा की डिस्कला हात लावण्याआधी ते मालकाला विचारायचे, "घराला आग लागली तर आधी काय उचलताल?" कारण खंगलेली डिस्क किती वेळ साथ देईल याचा नेम नसतो, म्हणून आधी काय काढायचं हे ठरलेलं असावं. या प्रश्नानं भल्याभल्यांची भंबेरी उडायची. एक नवा नवरा बायकोकडे बघत म्हणाला, "लग्नाचे फोटो." मामू म्हणाले, "ते झालं. आता खरं सांगा." एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यानं 'साहेबांसोबतचे फोटो' असं छातीठोक सांगितलं, पण काम होईपर्यंत आठ दिवस गेले आणि तेवढ्यात साहेबांनी पक्ष बदलला. तो धावत आला, "मामू, ते सोडून बाकी सगळं द्या!" दुसरा कायदा असा की फायली उघडायची वेळ आली की मामू स्टूल फिरवून पडद्याकडे पाठ करायचे आणि वर डोक्यावरून टॉवेल घ्यायचे. दुसऱ्याच्या घरात वाकून बघू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि तिसरा कायदा ते प्रत्येकाला निरोपाचा चहा पाजताना ऐकवायचे. "एका जागी ठेवलेली चीज म्हंजी ठेवलेलीच न्हाई. दुसरी कापी काढा."

मी ती दुसरी कॉपी काढली नव्हती.

माझी नोकरी आधी कड्याला, मग नांदूरघाटला आणि शेवटी पालीला झाली. निवृत्तीनंतर मला शेतांची नावं गोळा करायचा नाद लागला. सातबाऱ्यावर गट नंबर असतो; पण प्रत्येक वावराला लोकांनी ठेवलेलं एक नावही असतं. तांबडा कोपरा, हेल्याचं खांडुक, मावशीची पट्टी, येडीचा माळ. एका वावराचं नाव तर नुसतंच 'उपाशी', कारण त्यानं कधी कुणाचं पोट भरलं नाही. नऊ वर्षं मी म्हाताऱ्या माणसांच्या बाजेशी बसून ही नावं आणि त्यांच्या कथा उतरवून घेतल्या. सांगणारे एकेक करून गेले. मग मी टायपिंग शिकलो, सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि आता काळजी नाही म्हणून त्या एकवीस वह्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. तेव्हा मला फार आधुनिक झाल्यासारखं वाटलं होतं.

मग खंडेनवमी आली. शेतकरी औत पुजतो, सुतार करवत पुजतो; माझं हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. बंद यंत्राची कसली पूजा, म्हणून मी तो चालू केला. पडद्यावर गणपती उमटला. कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, उदबत्ती ओवाळली आणि नारळ हातात धरून वरवंट्याचा ठोका दिला. दगडावर फोडायचा नारळ मी कॅबिनेटच्या वर धरून फोडला, कारण देवाला पाणी नीट पोचावं. पोचलं. वरच्या जाळीतून सगळंच्या सगळं आत गेलं. चर्र असा आवाज झाला आणि गणपती दिसेनासे झाले.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हणालो, "काही नाही, मामूंनी परवा धूळ काढली तेव्हापासून कुरकुरतोयच हा." हे माझं खोटं. त्यात विचार असा काहीच नव्हता. शिंक यावी तसं ते बाहेर पडलं. संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा ते दुसऱ्यांदा म्हणालो, आणि तिसऱ्यांदा म्हणालो ते साक्षात मामूंच्या दुकानात, त्यांच्या तोंडावर.

मामूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "असं व्हय," म्हणाले आणि कॅबिनेट उघडलं. आतून खवट खोबऱ्याचा वास आला. पंख्यावर कुंकवाचा ओघळ होता. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मामूंनी हळूच कॅबिनेटचं तोंड भिंतीकडे फिरवलं, कापसानं आतलं सगळं पुसून घेतलं आणि तो लाल बोळा आपल्या पँटीच्या खिशात घातला. एक अक्षत चिमटीत सापडली, ती घड्याळाखालच्या कोनाड्यात नेऊन ठेवली. मग त्या दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हो गुरुजी. माजीच चूक. धूळ काढताना कायतरी हाललं असंल."

त्यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "असू द्या. होतं असं कधीकधी." हे वाक्य मी म्हणालो. माफ केल्यासारखं.

पण मामूंना आता माझ्याकडे बघायला सवड नव्हती. डिस्क बाहेर काढून तिला त्यांनी स्टेथोस्कोपची नळी लावली, उलटी केली, हुंगली आणि स्टुलावरून जवळजवळ उडीच मारली. "गुरुजी! जित्ती हाय! खालची सर्किटाची पाटी जळालीय नुस्ती. पोरं सगळी वर्गात बसलेली हायत, दाराची कडी जळालीय." मग डोकं खाजवत ते छताकडे बघत बसले. माणसाला सोयरीक आठवावी तशी मामूंना यंत्रं आठवायची. "हिची जुळी बहीन, याच कंपनीची, नांदूरघाटला दिलीय, तिची पाटी हिला लावू. फोटोवाल्याला. मी सोताच सोडायला गेलतो. चला!"

आणि आम्ही खरोखरच निघालो. मामूंची स्कूटर, मागे मी, माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली डिस्क. प्रत्येक खड्ड्यानंतर मामू मान वळवून विचारायचे, "हालली तर न्हाई ना?" मी म्हणायचो, "माझी कंबर हालली." "कंबर दुरुस्त करनारे लई हायत गुरुजी, तिला संभाळा!" नांदूरघाट जवळ आलं तशी ओळखीची वावरं दिसू लागली. एका बांधाजवळ मामूंनी गाडी थांबवली. "हे कोनतं?" मी बघत राहिलो. कोपऱ्यात वाकडी बाभूळ, मधे खडकाचा उंचवटा. ज्या म्हातारीनं मला या वावराची कथा सांगितली होती, तिचा चेहरा आठवला, तिच्या हातचा चहा आठवला. नाव काही केल्या आठवेना. ते आता जगात कुठेच नव्हतं. माझ्या मांडीवरच्या त्या लोखंडी डबीत असलं तर होतं. तिथंच मी बोलणार होतो. "मामू, तो नारळ..." असं ओठावर आलंही होतं. पण मामू म्हणाले, "येईल आठवन. आत हाय ना," आणि त्यांनी किक मारली.

फोटोवाल्यानं तो कॉम्प्युटर माळ्यावर टाकून वर ज्वारीचं पोतं ठेवलं होतं. मामूंनी त्याला असं झापलं की जणू त्यानं पोटच्या पोरीला छळलं होतं. त्यानं निमूटपणे डिस्क काढून दिली. परतताना दोघी जुळ्या बहिणी माझ्या दोन गुडघ्यांवर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नुसती पाटी बदलून भागत नव्हतं; जुन्या पाटीवरचा आठ पायांचा मुंगीएवढा तुकडा उचलून नव्या पाटीवर डकवायचा होता. त्यातच म्हणे डिस्कची स्वतःची ओळख असते. मोठ्या दुकानातली पोरं असल्या भानगडीत पडत नाहीत. ते रेडिओवर हात बसलेल्याचंच काम. मामूंनी पंखा बंद करवला. घाम गाळत सगळे उभे होते.

"एखादा पाय मोडला तर?" मी विचारलं.

"कावून मोडंल? तुमी चांगलं बोला."

एक पाय बसला. दुसरा. केळीवाला दारातून मोठ्यानं मोजत होता. "सात... आठ! झालं बे!" डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. मामूंनी नळी लावली, बोट वर केलं आणि एकदम नळी कानातून काढून माझ्या कानात खुपसली. आत बारीक गुणगुण चालली होती. दुपारच्या वर्गात पोरं पाठांतर करतात ना, तशी.

"आधी काय, गुरुजी?"

"वावरं," मी म्हणालो. मामूंनी पाठ फिरवली, डोक्यावर टॉवेल घेतला. फाईल उघडली. पहिलंच नाव 'उपाशी'. माझे डोळे भरून आले, अक्षरं दिसेनात. केळीवाल्यानं वाचायला सुरुवात केली. टॉवेलाखालून आवाज आला, "वाटंवर इसरलतात ते कोनतं?" मी शोधलं. वाकडी बाभूळ, खडकाचा उंचवटा. "सासूचा रुसवा."

"बगा!" मामू टॉवेलाखालीच टाळी वाजवत म्हणाले. "म्हनलो नव्हतो? रुसलंय नुस्तं."

पुस्तक निघालं. आभाराच्या पानावर मी छापखान्यातल्या चहावाल्याचंही नाव घातलं, मामूंचं नाही. घातलं असतं तर मुलानं विचारलं असतं, बिघडवलं त्यांनीच ना? खोट्याला असं सतत पाणी घालावं लागतं. त्याच महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी, आता एका शाळेचा मुख्याध्यापक, घरी आला. शाळेच्या सगळ्या कॉम्प्युटरची देखभाल मामूंकडे द्यावी म्हणत होता. "सर, तुमचं मत काय?" बायको चहा घेऊन दारात उभी होती. मी म्हणालो, "हात चांगला आहे. पण आता वय झालंय. माझाच कॉम्प्युटर त्यांच्या हातून..." काम दुसऱ्याला गेलं. मामूंनी ते मला स्वतःच सांगितलं आणि वर म्हणाले, "बरं झालं गुरुजी. जिने लई हायत तिथं."

पुढल्या खंडेनवमीला सकाळी सकाळी मामू दारात. हातात स्वतः शिवलेलं प्लास्टिकचं कव्हर. "सहज आलो. धूळ लई झालीय आजकाल." कव्हर कॉम्प्युटरवर घातलं, नाडीनं घट्ट बांधलं, चहा घेतला आणि गेले. त्यानंतर दर खंडेनवमीला ते येत राहिले. एकदाही नारळाकडे बघितलं नाही. दर वर्षी मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वर्षी म्हणायचो, "मामू, साखर बरोबर आहे ना?"

या वर्षी मामू आले नाहीत. हात थरथरतात म्हणून दुकान त्यांनी मागेच बंद केलं. आता डोळ्यांनीही दगा दिलाय. मीच त्यांच्या घरी गेलो आणि सगळं एका दमात सांगितलं. पूजा, वरवंटा, नारळाचं पाणी, मुख्याध्यापक. ते बाजेवर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "कोनता नारळ, गुरुजी?"

"मामू, तुम्ही स्वतः पुसलं होतं!"

"मला तर नुस्ती धूळ दिसली." आणि सुनेला हाक मारली, "गुरुजींना चहा टाक, साखर कमी." मी कितीदा तरी सांगून बघितलं. माझा कबुलीजबाब घ्यायला ते तयारच नाहीत. जणू स्टूल फिरवून, डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेत.

म्हणून हे लिहिलं. माझा कॉम्प्युटर मी बिघडवला. मामूंनी तो वाचवला. मी बोललो नाही तोवर हे खरं एकाच जागी होतं, मामूंच्या पोटात, आणि मामू आता थकले आहेत. त्यांचा तिसरा कायदा मी दुसऱ्यांदा मोडणार नाही. ही दुसरी कॉपी.