वकिलांचं नाव

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या रत्नागिरीच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार मांडवी बंदरावर यायचा. छत्री मागून कॉलरला अडकवायचा, म्हणजे लिहायला दोन्ही हात मोकळे. आपण तोंड उघडायच्या आधीच ‘बरोबर, बरोबर’ म्हणायचा. विचारायचा मात्र सगळ्यांना, होडी हाकणाऱ्या तांडेलाला, मासळीवाल्या बायकांना. छापून यायचं ते एकाच वकिलांचं मत. आंब्याला मोहर आला नाही, तरी वकील. शाळेची कौलं उडाली, तरी वकील.

मांडवीवरचा मासळीबाजार गावाबाहेर न्यायचं सरकारी कचेरीत घाटत होतं, तेव्हा तो माझ्या होडीपाशी आला. मी म्हटलं, “होड्या इथं लागतात. उन्हातून तिकडे नेलेली मासळी विकायची की पुरायची? लिही, आणि खाली माझं नाव घाल.”

“बरोबर, बरोबर.”

अंक आल्यावर अक्षरं जुळवत वाचलं. शब्द माझेच होते, ‘पुरायची’सुद्धा. नाव वकिलांचं.

बाजार हलला नाही. तो हसत आला. “तात्या, तुमच्या नावानं कचेरीतल्या साहेबानं वाचलं असतं काय? बाजार राहिला ना?”

“राहिला,” मी म्हटलं. “आता पापलेट वकिलांकडूनच घे.”

त्या दिवशी तो ‘बरोबर’ म्हणाला नाही. छत्री काढून हातात घेतली नि गेला.

माणूस वाईट नव्हता. बाजार त्यानंच वाचवला, ते मी कुणापुढेही सांगेन. त्याचं नाव मला पक्कं आठवतं. पण इथं घालणार नाही.