सव्वा मिनिटाचं गाणं

भूम तालुक्यात आजवर जेवढा आवाज झाला असेल, त्यातला निम्मा तरी आमच्या दाजींनी एकट्यानं केला आहे. हे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देतात. समोरच्या टपरीतला चहासुद्धा माइकवरून मागवतात, आणि घरात भांडण लागलं की बहीण आधी माइकचं बटण बंद आहे का ते बघते. मी शिंक आली तरी शेजारच्याची माफी मागणारा माणूस. त्यांच्यापाशी बसलो की आपण आयुष्य चोरून वापरतोय असं उगीच वाटत राहतं.

तरुणपणी कुणीतरी त्यांना आरडाओरडा करत गाणाऱ्या एका विलायती पंक बँडच्या पहिल्यावहिल्या गाण्याची कॅसेट ऐकवली. "इंग्रजीचं एक अक्षर कळलं न्हाय," दाजी सांगतात, "पर भांडण समदं कळलं!" तेव्हापासून गिटार गळ्यात. सूर तीनच येतात. चौथा शिकवायला आलेल्या मास्तरांना त्यांनी जेवू घालून परत पाठवलं. यंदा, पन्नाशीत, त्यांनी स्वतःचं पहिलं गाणं केलं. वरातीच्या बँडमधला एक ताशावाला सोबत घेतला आणि गोदामात, लोखंडी खुर्च्यांच्या थप्प्यांमध्ये उभं राहून, जवळच्या ईट गावच्या गाडीवरून, 'ईटची एसटी आली न्हाय' असं जिवाच्या आकांतानं ओरडले. ताल पुढं पळतो, गळा फाटतो, मागं खुर्च्या खडखडतात. पण ऐकताना छातीत काहीतरी उठून उभं राहतं. तरी मी भीत भीत सुचवलं, "दाजी, तेवढा खडखडाट काढता येईल."

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं. खुर्च्यांना बी राग येतो."

बहिणीनं मात्र अट घातली. गाणं आठवडी बाजारात लावायचं. एक जरी माणूस शेवटपर्यंत उभा राहून ऐकत राहिला तर ठीक, नाहीतर गिटार विकायची. दाजी हो म्हणाले, पण बाजाराच्या दिवशी त्यांना चहासुद्धा गेला नाही.

गाणं सव्वा मिनिटाचं. सुरू झालं, कावळे उडाले, संपलं. बाजार जसाच्या तसा. दाजींच्या स्पीकरमधून आरडाओरडा आला म्हणजे टेस्टिंग चाललंय, हे गावाच्या अंगवळणी पडलेलं. मेथीवाल्या आजीनं हाक दिली, "आरं, टेस्टिंग झालं आसंल तर गाणं लाव की आता!"

सगळे हसले. दाजी मान खाली घालून वायर गुंडाळू लागले.

तेवढ्यात बहीण भाजीची पिशवी घेऊन पुढं आली. "आजी, गाणंच व्हतं ते! मी उभी व्हते शेवटपर्यंत."

"तुला धरायचं न्हाय," दाजी पुटपुटले. "अट तुझीच हाय."

"माझीच हाय, म्हणून मीच ठरवणार. लावा परत. अन् आवाज वाढवा, खुर्च्या नीट ऐकू आल्या न्हाईत."

दाजींनी गुंडाळलेली वायर सोडली. गाणं पुन्हा सुरू झालं. या खेपेला आजीनंही मेथीची जुडी हातात तशीच धरून ठेवली. बहीण पिशवी खाली ठेवून दाजींकडे बघत उभी होती. गाणं संपू नये असं मला वाटायला लागलं, तेवढ्यात ते संपलंही.