हात आवरता घेणं

आमच्या सासूबाई कपडे दुरुस्त करायच्या. नवं काय, कुणीही शिवतं, असं त्यांचं मत. आणि त्यांचं मत एकदा झालं की झालं. कापड हातात आलं की आधी कोपऱ्यात अंगठ्यांनी ताणून बघायच्या. विरलेलं निघालं, तर गिऱ्हाइकाने कितीही गयावया केली तरी कात्री लावायच्या नाहीत. आतून अस्तर टाकून परत द्यायच्या.

त्यांचं यकृत कडक झालं, तेव्हा शेजारी कुजबुज झालीच. म्हणे दारू! खोकल्याच्या औषधालाही नाक मुरडणारी बाई ती. मी दोन घरांशी बोलणंच टाकलं.

त्यातच पित्ताच्या नळीत खडा अडकला. डोळे पिवळेजर्द, हुडहुडी भरून ताप. डॉक्टरीणबाईंनी मला आणि नवऱ्याला बाजूला घेतलं. तोंडातून दुर्बीण घालून खडा काढायचा, त्यासाठी नळीचं तोंड कापून मोठं करतात. पण अशा यकृतामुळे यांचं रक्त लवकर गोठत नाही, ते वाहत राहिलं तर जिवावर बेतेल. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, थकलेलं यकृत साफ बसू शकतं. आणि काहीच केलं नाही, तर तुंबलेल्या नळीतला संसर्ग रक्तात जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

आम्ही अतिशहाण्यांनी ठरवलं, आईंना काही सांगायचं नाही. नवरा म्हणाला, नुसती तपासणी आहे. आईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. खोदून खोदून सगळं विचारलं. शेवटी म्हणाल्या, "आत गेल्यावर जमत नाहीसं दिसलं, तर हात आवरता घ्याल?"

"घेईन. खडा राहिला तरी कापणार नाही. शेजारून बारीक नळी सरकवून पित्ताला वाट करून देईन."

"मग चला."

बाहेर बाकावर बसून मी एकच धोशा लावला होता, खडा निघू दे. डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, खडा मोठा आहे, दुर्बीण लागूनच थोडं रक्त दिसलं, म्हणून कापलं नाही, ओढाताण केली नाही. नळी बसली आहे, पित्त वाहतंय, खड्याचं त्यांना ताकद आल्यावर बघू. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, एवढं करून खडा तिथेच? तेवढ्यात त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. केस घामाने चिंब झाले होते. मी सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली. खड्यापर्यंत पोचून तो तसाच सोडून यायला किती बळ लागलं असेल, या विचाराने अंगावर काटा आला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बघायला आल्या, तेव्हा आईंची गुंगी उतरली होती. खडा निघाला नाही, हे नवऱ्याने खाली मान घालून सांगितलं. आईंनी त्याला बाजूला सारलं आणि डॉक्टरीणबाईंचा हात धरला.

"मोह झाला असेल ना, पोरी?"

डॉक्टरीणबाईंनी दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

"झाला होता," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.