कडी वाजवून कोण सांगून गेलं?

भूतबीत मी मानत नाही. सारंगखेड्यात पिठाची गिरणी चालवते. मोटर अडली तर बेल्ट बघते, नारळ फोडत नाही. तरीही हे लिहितेय...

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या अख्ख्या गल्लीला एकच डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. संध्याकाळी सगळे कूलर चालू, त्यात शहाद्याहून कामावरून परतलेले लोक आल्या आल्या ई-स्कूटर चार्जिंगला लावणार, रशीदभाई त्यांची ई-रिक्षा. सगळं एकाच वेळी. व्होल्टेज इतकं पडायचं की पंख्याची पाती मोजावीत. गाड्या जेवणानंतर लावा, तेव्हा लोड कमी असतो, असं मी दारोदार सांगून आले होते. माना सगळ्यांनी हलवल्या, ऐकलं कुणीच नाही.

घरात सासूबाई ऑक्सिजनच्या मशीनवर. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. त्या दिवशी जादाचा सिलिंडर संपलेला. तो भरून आणायला आमचे हे शहाद्याला गेलेले. दिवेलागणीला लाइट मंदावली, मशीन बीप-बीप करत बंद पडलं. सासूबाईंचे ओठ काळसर पडायला लागले... मी त्यांना उठवून बसवलं, पाठ चोळत राहिले. सोडून गल्लीत धावावं, तर मागे काय होईल? त्यांनी डोळे मिटून घेतले.

आणि थोड्याच वेळात — लाइट लख्ख. मशीन सुरू.

हे आल्यावर मी बाहेर पडले. एकाही दारात वायर लावलेली नव्हती. समोरच्या सुनंदाला विचारलं, आज कशी काय अक्कल सुचली?

"तुन्हं कोन ऐकस? माय सोता उनी व्हती. कडी वाजाडी नि बोलनी, वायर काढ बेटा, मन्हा दम अडकी ऱ्हायना." माय म्हणजे आमच्या सासूबाई, गल्ली त्यांना मायच म्हणते; त्या स्वतः आल्या होत्या म्हणे.

गल्लीच्या टोकाला रशीदभाईंनी तर मी तोंड उघडायच्या आतच मायची तब्येत विचारली. त्यांच्याकडेही कडी वाजली होती. वाक्यही तेच.

पूर्वी लग्नाकार्याची बोलावणी सासूबाईच करायच्या, दारोदार कडी वाजवून. पण सुनंदाच्या नव्या दाराला कडीच नाही. बेल आहे.

घरी येऊन सासूबाईंचा मास्क नीट केला, तर पुटपुटल्या, "सगळासले सांगी उनू." आणि झोपल्या.

मला याचा उलगडा आजही होत नाही. गल्ली मात्र तेव्हापासून जेवणं झाल्यावरच गाड्या लावते. मी सांगितलं म्हणून नव्हे.