माझ्या पोरीचा ओठ

माझी पोर फाटका ओठ घेऊनच जन्माला आली. ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं, असं अख्ख्या गल्लीनं मला ऐकवलं. त्यांच्या नादी कोण लागणार? पण तिचं शाळेचं वय झालं, पोरं चिडवायला लागली, तशी माझी झोप उडाली. आमचा केनवडजवळ भाजीचा मळा. मोठ्या शहरातलं ऑपरेशन आमच्या आवाक्याबाहेरचं.

मग कळलं, रिसोडला बाहेरगावचे डॉक्टर येताहेत, असे ओठ फुकट शिवून देतात. पहिल्या दिवशी तिला तपासलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. "सकाळी पोटात काही जाऊ देऊ नका," असं बजावलं.

सकाळी मी जीप बघायला फाट्यावर गेले. तेवढ्यात सासूबाईंनी पोरीच्या हातावर दही-साखर ठेवली. चांगल्या कामाला निघताना ठेवतातच. पण पोर भुकेनं रडत होती, म्हणून वाटीभर चारलं. दवाखान्यात पोरीनंच सांगून टाकलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भरल्या पोटी भूल दिली तर जिवावर बेतेल. आज नाही जमायचं."

"माय वं! दह्यानं कोनाचं वाईट झालं हाय का?" सासूबाई म्हणाल्या. मी असली भडकले म्हणता! "आत्याबाई, पोरीचं नशीब घालवलं तुमी!" चारचौघांत बोलले आणि तिथंच रडायला बसले.

आवाज ऐकून ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेर आले. दुपारी त्यांची परतीची गाडी होती. त्यांनी सगळं ऐकलं, सासूबाईंकडे बघून हसले आणि म्हणाले, "आजी, आता पाणीसुद्धा देऊ नका. हिचं सगळ्यात शेवटी करू. मी उद्या जाईन."

भूलवाल्या बाईही थांबल्या. दिवस कलताना पोरीला आत नेलं. ना ओळख, ना पाळख, आणि माझ्या लेकरासाठी ती माणसं मुक्काम करून राहिली. देवमाणसं हो, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

टाके निघाले, ओठ छान जुळला. पुढं शाळेत नाव घालायला फोटो हवा होता. त्याआधी कुणी मोबाइल समोर धरला की ती माझ्या पदरात तोंड खुपसायची. आमच्याकडं तिचा धड एक फोटो नव्हता. त्या दिवशी मात्र स्टुलावर ताठ बसली आणि सरळ समोर बघून हसली. फोटोवाला "झालं" म्हणाला तरी उठेना.

"आजून एक काढा," ती त्याला म्हणाली. "डॉक्टरकाकाले द्याचा हाय."