घरघंटीतली शर्यत

आमच्या घरघंटीतून पिठाऐवजी मोटारींच्या शर्यतीचा आवाज यायला लागला, याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

आम्ही वाढलो डोंबिवलीत. तिथे आमच्या कोपऱ्यावर व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. शाळा सुटली की माझा थोरला भाऊ अजयदादा आत, आणि मी बाहेर त्याचं दप्तर सांभाळत उभी! "मला पण खेळू दे ना," म्हटलं की म्हणायचा, "मुलींच्या हाताला स्पीड नसतो गं." आता मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. इतक्या वर्षांत माणूस असलं काहीबाही विसरून जातो. मी नाही विसरले.

यंदा दसऱ्यानंतर मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. कोणीतरी घरच्या घरी पार्लरसारखं मशीन बनवलेलं! साधे गेमचे कंट्रोलर उघडायचे, आतल्या प्रत्येक बटणाला सोल्डरने वायर चिकटवायची आणि तिचं दुसरं टोक पार्लरसारख्या मोठ्या बटणाला जोडायचं. बस्स! माझा मुलगा पुण्याला होस्टेलवर गेल्यापासून त्याचा गेमचा डबा नि दोन कंट्रोलर कपाटात पडून होते. कॉम्प्युटरचा जुना स्क्रीन माळ्यावर होता. राहता राहिलं ते सगळं बसवायचं खोकं. सुताराने जी किंमत सांगितली, तिच्यात नवा सोफा आला असता.

मग बाल्कनीतल्या घरघंटीकडे लक्ष गेलं. मोटार जळून दोन वर्षं झालेली. पण बाकी काय देखणी! कमरेइतकी उंच, सनमायका लावलेली, खाली चाकं.

"आई, घरघंटी उघडू का?" मी सासूबाईंना विचारलं.

त्यांचे डोळे एकदम चमकले. "उघड बाई, उघड! दिवाळीच्या आत होईल ना?"

"दिवाळी कशाला? येत्या रविवारी चालू करून दाखवते!"

(इथे मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता.)

मग दादाला फोन. "रविवारी वहिनीला घेऊन ये. गाड्यांची रेस लावू. हरलास तर सगळ्यांसमोर कबूल करायचं, की माझ्या हाताला स्पीड आहे म्हणून."

"वैशू, तू मिक्सर लावलास तरी फ्यूज उडतो गं!"

"ये तर खरं."

बटणं आणायला लोकलने विठ्ठलवाडीला उतरून इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, "मुलासाठी का मॅडम?" म्हटलं, "माझ्यासाठी." त्याने बटणांचा खोका माझ्यापुढे सरकवला. रंगीत बटणं महाग होती म्हणून सगळी काळी घेतली. वायरचं एकाच रंगाचं बंडल स्वस्तात मिळत होतं म्हणून सगळी लाल. बचत केल्याच्या आनंदात वडापाव खाल्ला.

घरी येऊन पाहते तर समोर तीस लाल वायरी, आणि सगळ्या जुळ्या बहिणी! पण मी काय कच्ची? प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी चिकटवली: ‘माझा स्पीड’, ‘माझा ब्रेक’, ‘दादा डावीकडे’. तीन संध्याकाळी सोल्डरिंग केलं. दोन बोटं भाजली, टेबलक्लॉथला भोक पडलं. नवरा नाक धरून म्हणाला, "आज जेवायला नक्की काय आहे?"

शनिवारी ऑफिसातून आले तर वायरी स्वच्छ! एकही चिठ्ठी नाही!

"आई, इथले कागद?"

"अगं, तारांना कचरा चिकटला होता. बसून सगळा सोलून काढला. तू एवढी खपतेयस, म्हटलं आपणही हातभार लावावा."

त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून म्हटलं, "बरं केलंत आई!" त्या तीस वायरी मी अंदाजाने, कुलदैवताचं नाव घेऊन जोडल्या आणि सगळं घरघंटीच्या पोटात बसवलं, स्क्रीन नि बटणं पुढच्या दारावर; वरचं धान्याचं तोंड तेवढं तसंच राहिलं.

रविवारी दादा-वहिनी आले. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरच्या कदमकाकू आल्या. मग शेजारच्या सावंतवहिनी. मग आणखी तिघी. सगळ्यांच्या हातात स्टीलचे डबे! मला भरून आलं. म्हटलं, काय बिल्डिंग आहे! सामना बघायला माणसं फराळ घेऊन येतात!

"बारीक येईल ना गं?" कदमकाकूंनी विचारलं.

"एकदम क्लिअर काकू! डोळ्यांना त्रास नाही."

"आणि आधी कुणाचं?"

"दोघांचं एकदम!"

"दोघांचं एकदम? मिसळणार नाही?"

"बघाच आता!" म्हणत मी स्विच दाबला. स्क्रीन उजळला, मोटारी सुरू झाल्या. घुर्रर्र! सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले.

मी ‘स्पीड’चं बटण दाबलं. माझी गाडी जागची हलेना. आणखी जोरात दाबलं. दादाची गाडी सुसाट!

"अरे, मी अजून हात पण लावला नाहीये!" दादा ओरडला.

मी ब्रेक दाबला, तर माझी गाडी गोल गोल फिरायला लागली. त्याने उजवीकडे वळवलं, तर माझ्या गाडीने हॉर्न दिला. आमच्या वायरी एकमेकांत गेल्या होत्या! पण मी हार मानते का? दोन्ही हातांनी दणादणा बटण बडवत होते, आणि मी जितकं बडवीन तितका दादा पुढे!

तेवढ्यात घरघंटीच्या वरून खळखळ आवाज आला. सासूबाईंनी कदमकाकूंचा डबा घरघंटीच्या तोंडात रिकामा केला होता. अख्खा! चकलीची भाजणी! तांदूळ, डाळी, धणे, जिरं... सगळं माझ्या तीन संध्याकाळींवर!

घुर्रर्र थांबलं. स्क्रीन काळा. खालच्या फटीतून एक हरभराडाळ घरंगळत माझ्या पायाशी आली.

"पीठ कुठंय?" कदमकाकूंनी विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाईंच्या डोक्यातही त्याच क्षणी पडला असावा. त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं, ‘माझी सून चक्की दुरुस्त करतेय.’ त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला जमिनीने गिळावं असं वाटलं. त्यांनी एकदा काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पदर सावरून शांतपणे बायकांना म्हणाल्या,

"आज फक्त मोटारीची चाचणी होती. मोटार पळाली ना? सगळ्यांनी पाहिलीत ना? डबे ठेवून जा. पीठ उद्या."

बायका समाधानाने गेल्या. मी सासूबाईंच्या पायाच पडले.

दादा खुर्चीत कोसळून हसत होता. "म्हणजे मी जिंकलो तो तुझ्या हाताच्या स्पीडने?"

"कबूल कर मग!"

"कबूल. हाताला स्पीड आहे. डोक्याचं बघून घे."

दुसऱ्या दिवशी पाच डबे घेऊन मी गुपचूप नाक्यावरच्या गिरणीत गेले. (कदमकाकूंची भाजणी वायरींतून वेचायला अख्खी सकाळ गेली. त्यात सोल्डरचा एक मणी सापडला. बाकीचे सापडले नाहीत म्हणून ती भाजणी मी टाकून दिली आणि नवीन विकत आणली.) घरोघरी पीठ पोचवलं. सगळ्यांच्या चकल्या म्हणे खुसखुशीत झाल्या, आणि सगळीकडे माझंच कौतुक!

आता समोरच्या बिल्डिंगमधूनही डबे येतात. सासूबाई ते अभिमानाने घेतात आणि मी ते पिशवीत लपवून गिरणीत नेते. परवा गिरणीवाल्याने आपणहून मला दळणात सूट दिली. म्हणाला, "घ्या ताई. धंदेवाल्यांना मी होलसेलच लावतो."