साडेनऊचं शीड

ओबेले भला माणूस आहे, असं क्लबात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. हिस्केला विचारून बघा.

फ्रिसलंडमधल्या एका तळ्यावर हा क्लब, शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्यानं पाण्यावर पळणाऱ्यांचा. तिथं उन्हाळ्यात वारा फार मंद असतो. म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवशी क्लबात वजनं होतात. धक्क्यावर काटा मांडायचा, एकेकानं जाकिटासकट त्यावर चढायचं, आणि शिडं सांभाळणाऱ्या ओबेलेनं आकडा पुकारायचा. अंगानं भारी त्याला मोठं शीड नि लांब डोलकाठी, हलक्याला लहान. मंद वाऱ्यात भारी माणसाची फळी हलायची तर तेवढं कापड लागतंच. एकदा वाटप झालं की हंगामभर बदल नाही.

साडेनऊ चौरस मीटरचं सगळ्यात मोठं शीड वर्षानुवर्षं हिस्केचं. पहाटे बेकरीत पीठ मळणारी दणकट, हसरी बाई. पहिल्या दिवसाची शर्यत तीच जिंकायची आणि ओबेले दुसरा यायचा.

हिवाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. वसंतात डॉक्टर म्हणाले, आता उपचार पुरे, हा उन्हाळा मनासारखा घालवा. पुढच्या उन्हाळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. हिस्केनं कुणाला काही सांगितलं नाही. लोकांनी हळू आवाजात बोललेलं तिला नको होतं. हा एक उन्हाळा पूर्वीची हिस्के म्हणून पाण्यावर काढायचा, एवढंच तिला हवं होतं. पण वजन उतरलं होतं, आणि काट्यावर ते उतरलेलं दिसलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून तिनं सैल जाकिटाखाली पाणबुड्यांचा शिशाचा पट्टा बांधला.

"एक्क्याऐंशी किलो," ओबेलेनं पुकारलं. मग त्यानं तिच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं. खाली उतरताना आधार द्यायला म्हणून कमरेला हात लावला, आणि तो हात पट्ट्यावर जरा थांबला. हिस्केनं जाकीट खाली ओढलं.

"काय गं, हिवाळाभर जशीच्या तशी? आमच्या पोटांना जरा शिकव की."

लोक हसले. तिची मैत्रीण फोकयेही हसली.

त्या शिडासाठी क्लबात दोन डोलकाठ्या होत्या, एक हलकी आणि एक जुनी, जाड, जड. ओबेलेनं जाड काठी तिच्या खांद्यावर ठेवली. "ही घे. तुझ्यासारखीलाच पेलते."

तिला तोंड उघडता आलं असतं. तिनं काठी घेतली, आत जाऊन पट्टा पिशवीत टाकला आणि पाण्यात उतरली.

तिनं काट्याला फसवलं होतं, शिडाला कसं फसवणार? तळ्याच्या मध्यावर वारा पडला आणि शीड पाण्यात आडवं झालं. फळीवर उभं राहून ती दोरीनं ते वर ओढू लागली. हातांना सगळं येत होतं, पण अंगात जोर राहिला नव्हता. ती पडली, पुन्हा चढली, पुन्हा पडली. धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, "हिस्के, झोप लागली का गं?"

ओबेले अगदी जवळून गेला.

"ओबेले, जरा हात दे."

"शर्यत चालू आहे, हिस्के," तो म्हणाला आणि पुढे गेला. जिंकला.

तिला बोटीतून आणलं तेव्हा धक्क्यावर सगळे जमले होते. काट्यावर तिचा पट्टा ठेवलेला होता. दुसऱ्याची पिशवी उघडायला माणसाला लाज वाटायला हवी, पण ती वाटायला लाज असावी लागते.

"पंधरा किलो," ओबेलेनं मोठ्यानं पुकारलं.

हशा उसळला. सगळ्यात मोठ्यानं फोकये हसली. मग तिचं लक्ष हिस्केच्या अंगाला चिकटलेल्या ओल्या कपड्यांकडे गेलं, आत दिसणाऱ्या बरगड्यांकडे गेलं, आणि तिचं हसू थांबलं. मग बाकीच्यांचंही हसू विरलं. कुणी काही विचारलं नाही.

"लहान शीड दे," हिस्के म्हणाली. "कुठलंही चालेल. मला या उन्हाळ्यात पाण्यावर जायचंय, ओबेले."

"वाटप झालंय. नियम तुलाही ठाऊक आहे. आणि लबाडी केलीस, म्हणजे मोठंही गेलं." ओबेलेचा आवाज अगदी गोड होता. "पुढच्या वर्षी ये. खरं वजन सांग, मी स्वतः चांगलंसं लहान शीड काढून देईन."

"बरं," हिस्के म्हणाली. "पुढच्या वर्षी."

मग ती वाकली आणि दोन्ही हातांनी पट्टा उचलायला लागली. दोनदा तो हातातून निसटला. कुणी पुढे आलं नाही.